शिष्यवृत्ती फीसाठी की शिकण्यासाठी?

बारावीचा निकाल लागला की आमच्या वाशीममध्ये आठ-दहा दिवस घराघरांत एकच चर्चा असते. कुणाला किती टक्के पडले, कोण कुठे ॲडमिशन घेणार. पेढे वाटून होतात, मोबाइलवर मुबारकबादी येऊन जाते आणि मग खरा विषय निघतो. ‘तुला काय शिकायचंय?’ असे फार थोड्या घरांत विचारले जाते. बहुतेक घरांत विचारतात, ‘किती लागतील?’ त्या आकड्यावर मुलाचा, आणि त्याहून जास्त मुलीचा, पुढचा रस्ता ठरतो. जिला भूगोलाची आवड आहे ती डी.एड.चा फॉर्म भरते. ज्याला रसायनशास्त्रात खरोखर गती आहे तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. जिचा हात चित्रकलेत चांगला आहे तिला सांगितले जाते की हा शौक लग्नानंतर कर.

शिष्यवृत्तीबद्दल आपल्याकडे बोलणे होते ते आकड्यांचे. किती फॉर्म भरले, किती मंजूर झाले, किती रक्कम खात्यात आली. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. पण मला वाटते की शिष्यवृत्तीचे मोजमाप वेगळ्या प्रश्नाने व्हायला हवे. या पैशामुळे मुलाला आपल्या आवडीचा विषय निवडता आला का? निवडलेला विषय मध्येच न सोडता पुरा करता आला का? या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेल तर फीची पावती फाटली म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवते, म्हणून आधी शब्दांकडे पाहते. मराठीत आपण ‘शिष्यवृत्ती’ म्हणतो. यातल्या ‘वृत्ती’चा इथला अर्थ स्वभाव नाही, उपजीविका, निर्वाहाचे साधन हा आहे. जुन्या मराठीत वतन-वृत्ती, जोशीपणाची वृत्ती असे शब्द याच अर्थाने येतात. शिष्याला शिकत असताना जगता यावे यासाठी दिलेले ते शिष्यवृत्ती. उर्दूत आपण ‘वजीफा’ म्हणतो. वजीफा म्हणजे ठरावीक नेमून दिलेली रक्कम. याच शब्दाचा दुसरा अर्थ घरातल्या बुजुर्गांना चांगला ठाऊक आहे : रोज ठरलेल्या वेळी करायचे पठण. एक दिवस केले आणि सहा महिने विसरले, त्याला कुणी वजीफा म्हणत नाही. म्हणजे दोन्ही भाषांनी मिळून आपल्याला दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. हा पैसा जगण्यासाठी आहे आणि तो नेमाने मिळाला पाहिजे. आजच्या योजनांमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी सर्वांत कच्च्या आहेत.

शिष्यवृत्ती नीट मिळाली तर काय होते याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून महिन्याला २५ रुपये मिळत. पुढे १९१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठासाठी बडोद्यानेच त्यांना तीन वर्षांची, महिन्याला साडेअकरा पाउंडांची शिष्यवृत्ती दिली. तिथे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. पण त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र या विषयांचेही वर्ग केले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये त्यांनी जातिसंस्थेच्या उगमावरचा आपला गाजलेला निबंध वाचला, तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जातीचा असा मुळातून अभ्यास करायला वेळ कुठून मिळाला? महिन्याचा खर्च ठरलेला होता म्हणून मिळाला. फी भरून, वर पोटासाठी दिवसभर राबावे लागले असते तर परीक्षेपुरता अभ्यास झाला असता, एवढेच.

याच गोष्टीची दुसरी बाजूही पाहायला हवी, कारण ती आपण सहसा सांगत नाही. न्यूयॉर्कहून बाबासाहेब लंडनला गेले, अभ्यास सुरू केला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडले. त्यासाठी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवावे लागले, छत्रपती शाहू महाराजांची मदत घ्यावी लागली, मित्राकडून कर्ज घ्यावे लागले. डी.एस्सी. मिळाली ती १९२३ मध्ये. एवढी असामान्य बुद्धी आणि जिद्द असलेल्या माणसाचीही तीन वर्षे पैसा थांबल्यामुळे गेली. मग रिसोड किंवा मानोऱ्याच्या साध्या घरातल्या हुशार पोराचा पैसा मध्येच थांबला तर त्याने जिद्दीच्या बळावर तरून जावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

शाहू महाराजांना ही बाब नेमकी कळली होती. खेड्यातून कोल्हापुरात शिकायला आलेल्या मुलाची पहिली अडचण कॉलेजची फी नसते. रात्री कुठे झोपायचे आणि दोन वेळा काय खायचे, ही असते. म्हणून त्यांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांना आधार दिला. मराठा, जैन, लिंगायत अशी निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि मुस्लिम बोर्डिंगही सुरू झाले. आपल्या विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी तोच मार्ग धरला. १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली; गरीब मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालयही त्यांनीच चालवले. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या कितीतरी पोरांनी या छात्रालयाच्या आधाराने शहर पाहिले. ही माणसे शिक्षणाचा खर्च म्हणजे फी अधिक जेवण अधिक निवारा असा हिशेब मांडत होती.

शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर आपल्या भाषणांत नेहमी एक आकडा सांगतात : ६० रुपये. मॅट्रिकला बोर्डात अकरावे आल्यानंतरही घरच्या गरिबीमुळे त्यांचे पुढचे शिक्षण अडले होते. तेव्हा सर दोराबजी टाटा ट्रस्टने त्यांना महिन्याला ६० रुपये द्यायला सुरुवात केली आणि सहा वर्षे दिले. पुढे ते रासायनिक अभियंते झाले, पीएच.डी. झाले, देशभरातल्या प्रयोगशाळा चालवणाऱ्या सीएसआयआरचे महासंचालक झाले. या गोष्टीत मला रकमेपेक्षा दोन शब्द मोठे वाटतात : महिन्याला आणि सहा वर्षे. दर महिन्याला ठरलेला पैसा येणार आहे आणि शिक्षण संपेपर्यंत येणार आहे, हे एकदा माहीत झाले की मुलगा मान खाली घालून अभ्यासाला लागतो. पैसा येईल की नाही या विचारातच अर्धे वर्ष जात असेल तर अभ्यासात मन लागणार कसे?

आता शिष्यवृत्ती नसते तेव्हा काय होते ते पाहू. मूल शिकणे सोडते, असे आपण पटकन म्हणतो. पण पुष्कळदा मूल शिकते आणि किंमत घरातले दुसरे कुणीतरी भरते. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख यूपीएससीच्या २०१५ च्या परीक्षेत वयाच्या २१ व्या वर्षी उत्तीर्ण झाले. वडील रिक्षाचालक. आपल्या समाजात त्यांच्या नावाने किती मुलांनी पुस्तके हातात घेतली असतील, याची गणती नाही. आपल्या शिक्षणासाठी धाकट्या भावाने शाळा सोडून गॅरेजमध्ये काम केले, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे आणि कृतज्ञतेने सांगितले आहे. आपण या त्यागावर टाळ्या वाजवतो. पण थोडे थांबून विचार केला तर लक्षात येते की त्या घरात शिष्यवृत्ती देणारा तो धाकटा भाऊच होता. जी रक्कम समाजाने किंवा सरकारने द्यायची होती ती एका शाळकरी मुलाने आपली शाळा सोडून दिली.

आमच्या गल्ल्यांत ही रक्कम बहुतेक वेळा बहीण देते. भाईजान इंजिनिअरिंगला गेले की बाजीचे कॉलेज सुटते. ती घरी शिलाई घेते, सुगीत अम्मीसोबत सोयाबीन सोंगायला जाते. तिच्याबद्दल कुणी ‘शिक्षण सोडले’ असेही म्हणत नाही. ‘घराला हातभार लावते’ असे म्हणतात. म्हणून एका मुलाला मिळालेली पुरेशी शिष्यवृत्ती कधीच एकट्या मुलाला मिळत नसते. तिने मागच्या भावंडाचीही शाळा वाचते. शिष्यवृत्तीवर किती खर्च झाला याचा हिशेब करणाऱ्यांनी ही बाजू कधी मांडलेली मला दिसली नाही.

आज कॉलेजच्या मुलांसाठी योजना नाहीत असे कुणी म्हणू नये. आहेत, आणि पालकांना त्या माहीत असायला हव्यात. आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते. अनुदानित, सरकारी आणि नगरपालिका-जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना ती देता येते, उर्दू माध्यमातूनही देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. बारावीत आपल्या शाखेत बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये आलेल्या आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मुलांसाठी केंद्राची कॉलेज-विद्यापीठ शिष्यवृत्ती आहे. पदवीची तीन वर्षे वर्षाला १२,००० आणि पुढे पदव्युत्तरला २०,००० रुपये असा तिचा दर आहे. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपयांची. राज्याच्या योजनांचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. हा निर्णय चांगला आहे आणि त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे.

पण आपल्या दोन प्रश्नांवर या योजना घासून पाहू. वर्षाला १२,००० म्हणजे महिन्याला १,०००. अकोला किंवा अमरावतीत एवढ्यात मेसचा डबाही महिनाभर येत नाही, मग खोलीभाडे दूरच. मुलींना पाचवी ते बारावी एस.टी.चा मोफत पास मिळतो. खेड्यातून रोज वाशीमला, कारंजाला येणाऱ्या कितीतरी मुली त्या पासावर शिकल्या. बारावी संपली की तो पासही संपतो. नेमक्या ज्या वर्षी कॉलेज दूर जाते त्याच वर्षी प्रवास विकत घ्यावा लागतो. फी माफ आहे, पण जायचे कशाने आणि राहायचे कुठे हे ठरत नाही, म्हणून प्रवेश घेतलाच जात नाही. अशी मुलगी कुठल्याही आकड्यात दिसत नाही, कारण तिने अर्जच केलेला नसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रवेश जून-जुलैत होतात. अर्ज पुढे भरले जातात, त्यांची छाननी होते, कॉलेज पुढे पाठवते, त्रुटी निघाल्या की परत येतात. पैसा खात्यात पडेपर्यंत बऱ्याचदा परीक्षा जवळ आलेली असते, कधी वर्षही उलटते. तोवर घराने उसनवारी केलेली असते. अशा वेळी शिष्यवृत्ती म्हणजे आधी भरलेल्या पैशाची परतफेड होते. ज्याच्या घरात आधी भरायला पैसे होते त्याला ती मिळते; ज्याच्याकडे नव्हते तो दारातच राहतो. योजना गरिबांसाठी आणि फायदा त्यातल्या बऱ्या स्थितीतल्यांना, असे होते ते यामुळे.

तिसरी गोष्ट विषयाची. आपल्याकडे मोठ्या रकमा अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे जातात. साध्या बी.ए., बी.एस्सी.ला थोडेच उरते. त्यामुळे हुशार मुलावर नकळत दबाव येतो की जिकडे पैसा तिकडे जा. याला एक चांगला अपवाद म्हणून मी विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीकडे पाहते. २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत मूलभूत विज्ञानाची पदवी घेणाऱ्यांना वर्षाला ८०,००० रुपये देण्याची तरतूद केली गेली. त्यातले २०,००० उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी. म्हणजे ज्याला भौतिकशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र मनापासून शिकायचे आहे त्याने पोटासाठी दुसरीकडे जाऊ नये, असा विचार तिच्यामागे आहे. हाच विचार इतिहास, भाषा, भूगोल, चित्रकला यांच्याबाबत का होऊ नये? वऱ्हाडच्या उर्दू-मराठी संबंधांवर काम करायला, जुनी फारसी-मोडी कागदपत्रे वाचायला, एका भाषेतले साहित्य दुसरीत नेायला माणसे लागणारच आहेत. ती कुठून येणार?

आपल्या समाजापुरते बोलायचे तर याला आणखी एक पदर आहे. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. शिक्षणात मुस्लिम समाज किती मागे आहे हे त्याने आकड्यांनिशी दाखवले. त्यानंतर २००७-०८ पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या शिष्यवृत्ती सुरू झाल्या. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी २००९ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप आली. या फेलोशिपचे मोल असे की ती दरमहा मिळत होती आणि विषय कोणताही असो, मिळत होती. साहित्यावर संशोधन करणारी मुलगी आणि जीवशास्त्रावर काम करणारा मुलगा दोघेही तिच्या आधारावर उभे होते. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगण्यात आले की २०२२-२३ पासून ही फेलोशिप बंद होत आहे, कारण ती इतर योजनांशी समान पडते. त्याच सुमारास पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती थांबली आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज सवलतीची ‘पढो परदेश’ योजनाही बंद झाली.

इतर योजना आहेत हे खरे. पण एक दार बंद करताना दुसरे दार तेवढेच रुंद केले का, हे पाहावे लागते. दुसरे कारण गैरव्यवहाराचे सांगितले जाते. २०२३ मध्ये अल्पसंख्याक मंत्रालयाने १,५७२ संस्थांची तपासणी केली, त्यात ८३० संस्था बनावट किंवा बंद आढळल्या. सुमारे १४४ कोटींच्या नुकसानीचा अंदाज काढून प्रकरण सीबीआयकडे गेले. ज्यांनी गरीब मुलांच्या नावावर पैसा खाल्ला त्यांना कडक शिक्षा झालीच पाहिजे, त्यात आपलेच लोक असले तरी. मात्र चोरी संस्थाचालकाने केली आणि वजीफा विद्यार्थ्याचा गेला, असे होऊ नये.

राज्य पातळीवर एक आशेची जागा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ ही संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन करायला मान्यता दिली. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांनी आपापल्या समाजातल्या संशोधकांना फेलोशिप देऊन मोठा फरक घडवला आहे. मार्टीकडूनही तेच अपेक्षित आहे. ही मागणी करताना आपण विषयाचे स्वातंत्र्यही मागितले पाहिजे. फक्त स्पर्धा परीक्षांचे वर्ग काढले म्हणजे तरुणांचे भले झाले, असे नाही.

इथे एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो आपल्या हितचिंतकांकडूनच येतो. ते म्हणतात, मॅडम, आवड-निवड ही पोट भरलेल्यांची भाषा आहे. गरिबाच्या पोराने लवकर नोकरीला लागावे. या म्हणण्यातली काळजी मी समजू शकते. वाशीम हा निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि धाराशिवसोबत त्याचे नाव २०१८ पासून त्या यादीत आहे. इथे शेती पावसावर आणि मजुरी शेतीवर. घरात एक पगार आला तर सगळ्यांचे जगणे बदलते.

पण अनुभव काय सांगतो? आवड नसताना केवळ नोकरीच्या आशेने घेतलेल्या पदव्यांचे ढीग आपल्याकडे कमी नाहीत. डी.एड., बी.एड. झालेली मुले-मुली शिक्षक भरतीची वाट पाहत वय घालवत आहेत. सगळ्यांनी एकाच दाराशी गर्दी केली की ते दार अरुंदच होणार. ज्या मुलाला एखाद्या विषयाची खरी ओढ आहे तो त्यात खोल जातो, आणि जो खोल जातो त्याच्यासाठी जागा तयार होते. माशेलकरांच्या ६० रुपयांनी देशाला किती दिले याचा हिशेब कुणी करू शकेल का? श्रीमंताच्या मुलाला चूक करून विषय बदलण्याची सोय असते. गरिबाच्या मुलाला निवड एकदाच करता येते. म्हणूनच ती निवड त्याच्या कलाची असणे जास्त गरजेचे आहे.

सरकारकडे मागायचे ते मागूच. महिन्याला ठरावीक रक्कम, सत्राच्या सुरुवातीला पहिला हप्ता, बारावीनंतरही मुलींना एस.टी.चा पास, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मुलींचे वसतिगृह. या चार मागण्या सर्व समाजांच्या मुलांच्या आहेत आणि सर्वांनी मिळून केल्या पाहिजेत. पण काही गोष्टी आपल्या हातातल्याही आहेत.

पहिली कागदपत्रांची. शिष्यवृत्ती अडते ती बऱ्याचदा नावाच्या स्पेलिंगवर. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. उर्दूतले एकच नाव मराठीत आणि इंग्रजीत चार प्रकारे लिहिले जाते, आणि संगणकाला ती चार माणसे वाटतात. हे आठवीतच दुरुस्त करून घेता येते. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे का, हेही वेळेत पाहता येते. बागवान, मोमीन, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, पण जातीच्या दाखल्यासाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि तो शोधायला वेळ जातो. बारावीचा निकाल लागल्यावर तहसीलच्या चकरा सुरू करण्यापेक्षा दहावीच्या सुट्टीत आजोबांच्या शाळेचा दाखला काढून ठेवावा. ओबीसीत नसलेल्या घरांनी ईडब्ल्यूएसच्या दाखल्याची चौकशी करावी. प्रत्येक उर्दू शाळेत एका शिक्षकाने वर्षातून आठ दिवस या कामाला दिले तरी पुष्कळ मुलांचा रस्ता मोकळा होईल.

दुसरी पैशाची. आपल्याकडे रमजानमध्ये जकात निघते, आणि ती बहुतेक रेशन-कपड्यांत वाटली जाते. ते थांबवावे असे मी म्हणत नाही. पण गरजू विद्यार्थीही जकातीचा हकदार आहे. जकातीच्या नियमात न बसणाऱ्यांसाठी, आणि कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याच्या मुलासाठी, इमदाद आणि सदका आहेच. त्यातला एक वाटा बाजूला काढून जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांसाठी ठेवावा. सरकारी पैसा येईपर्यंतचे खोलीभाडे, मेस आणि प्रवास एवढेच त्यातून द्यावे. रक्कम फार मोठी लागत नाही. मुलगी प्रवेशाच्या दारातून आत गेली की पुढचे बरेच काही मार्गी लागते.

ही कल्पना नवी नाही. अलिगढच्या कॉलेजात १८९० च्या सुमारास साहबजादा आफताब अहमद खान यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनीच ‘अंजुमन-अल-फर्ज’ म्हणजे ड्यूटी सोसायटी स्थापन केली. सुट्टीत गावोगाव फिरून ही मुले चंदा गोळा करत आणि त्यातून गरीब विद्यार्थ्यांचे शिक्षण चाले. मदत घेतलेल्याने कमावते झाल्यावर परत करावे, म्हणजे पुढच्याला देता येईल, अशी त्यामागची भावना. नावातच सगळे आले : फर्ज, कर्तव्य. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या आपल्या सहा तालुक्यांत शिकून नोकरीला, धंद्याला लागलेले किती जण आहेत! त्यातल्या अनेकांनी कधी ना कधी शिष्यवृत्ती घेतलेली आहे. प्रत्येकाने वर्षाला एका महिन्याचा एका मुलाचा मेसचा खर्च उचलला तरी सुरुवात होईल.

तिसरी गोष्ट पैशाची नाही. मदत करणाऱ्याने मुलाचा विषय ठरवू नये. ‘आम्ही पैसे देतो, तू फार्मसी कर’ असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांची नियत चांगली असते, पण अशाने वजीफ्याची नोकरी होते. मुलाशी बसून बोलावे, त्या विषयात पुढे काय आहे हे त्याला खरेखरे सांगावे, अडचणी लपवू नयेत, आणि मग निर्णय त्याच्यावर सोडावा. हिशेब मागायचा तो हजेरीचा आणि मेहनतीचा मागावा.

यंदा आपल्या मोहल्ल्यातल्या एका तरी मुलीचा जूनचा खर्च मे महिन्यातच जमा करून ठेवूया. मग तिला विचारूया, बेटा, तुला काय शिकायचंय? आणि ती जे सांगेल ते नीट ऐकून घेऊया.